कोपऱ्यातलं जळमट

"त्या कोपऱ्यात अजून जळमट लोंबतंय," सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या. काठीला बांधलेला झाडू मी त्या कोपऱ्यातून नुकताच फिरवला होता.

दारामागच्या चपट्या कोळ्याच्या अंड्यांच्या पांढऱ्या चकत्या मी खरवडल्या होत्या. बाथरूममधला लांब पायांचा कोळी कागदावर घेऊन बाहेर सोडला होता. दिव्याला किडे येतात आणि किड्यांमागे कोळी, म्हणून खिडकीच्या जाळीचं भोकही बुजवलं होतं. तरी नणंदेला फोन गेलाच, "घरभर जळमटं झालीत."

मी झाडू त्यांच्याच हातात दिला. "तुम्हीच काढा आई, मला तर दिसत नाही."

त्यांनी झाडू कोपऱ्याकडे नेला, मग कपाटाकडे, मग थेट माझ्या तोंडासमोर. "बघावं तिकडे सरकतंय मेलं," त्या वैतागल्या. "आणि मध्येच वीज चमकल्यासारखं होतं."

माझा राग तिथेच उतरला. मी त्यांचा उजवा डोळा तळहाताने झाकला. "आता दिसतंय?"

"नाही. काढलंस एकदाचं," त्या समाधानाने म्हणाल्या.

डोळ्यावरचा हात तसाच ठेवून मी दुसऱ्या हाताने डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.