शेवटच्या फर्म्यातली तीन पानं

प्रेसमधल्या बाइंडिंगच्या टेबलावर, सोळा छापील पानांचा एक, असे नऊ फर्मे मालनअक्कानं घडी घालून थप्पीला लावले होते. घडी घालता घालता ती प्रत्येक फर्मा वाचायची, कारण पुस्तक तिच्या धाकट्या भावाचं होतं. प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या भावाचं आत्मचरित्र.

दुसऱ्या फर्म्यात गावचं घर आलं, मास्तर आले, दारातलं काळू कुत्रंसुद्धा नावानिशी आलं. भावाच्या फीसाठी सातवीतून शाळा सोडून ह्याच बाइंडिंगच्या टेबलाशी येऊन बसलेली बहीण मात्र आली नाही. पुढच्या फर्म्यात असेल, पुढच्या फर्म्यात असेल, म्हणत अक्कानं नऊच्या नऊ उपसले.

दहावा छापायच्या आधी भाऊ प्रूफवर सही करायला प्रेसमध्ये आला. "काय अक्का, बरी आहेस ना?" त्यानं जाता जाता विचारलं.

"सर, शेवटच्या फर्म्यात तीन पानं रिकामी पडतायत," मालक म्हणाले. "कुणाबद्दल लिहायचं राहिलं असेल तर द्या. कागद तेवढाच लागणार."

अक्काच्या हातातली घडी दाबायची पट्टी थांबली. भावानं विचार केला. अगदी मनापासून केला.

"छे हो, एक माणूस सुटलेला नाही. कोरी सोडा."

दुसऱ्या दिवशी फर्मा छापून आला. हजार प्रती होत्या. ती तीन कोरी पानं अक्कानं हजार वेळा दुमडली. पन्नास वर्षं मुरलेला हात. एकही घडी वाकडी गेली नाही.