हर्षालीचा अंगठा

बोंबील वाळवायच्या मैदानावर पार्किंग होणार, हे हर्षालीला वॉर्डसभेचा ठराव मंजूर झाल्यावरच कळलं. सभेला हल्ली माणसं जायचीच नाहीत. मालकाच्या सवयी ओळखून फोनच मत द्यायचा. वॉर्डाच्या ग्रुपवर कुणाला वाईट वाटू नये म्हणून हर्षाली प्रत्येक मेसेजला न वाचताच अंगठा द्यायची. फोननेही तेच केलं होतं.

"तू तरी नाही म्हणायचंस ना गो!" ओले बोंबील भरलेली टोपली कवटाळून आई रडत होती. हरकतीची मुदत संपायला दहा मिनिटं उरली होती.

हर्षालीने आयुष्यात पहिल्यांदाच फोनवर विरोध नोंदवला. पुन्हा नोंदवला. रडत रडत नोंदवतच राहिली.

शेवटी उत्तर आलं, "हर्षाली कधीच विरोध करत नाही. तुम्ही जे कोणी असाल, तिचा फोन तिला परत द्या."