खोक्यावरची बैठक

आमची ही सोफ्यावर बसली आणि खालून कर्रकन आवाज आला. सूनबाईचं व्हिडिओ गेमचं जुनं खोकं चेपलं होतं. तिच्या वडिलांनी दिलेली ती शेवटची भेट. ही घाबरून उठली.

सूनबाईने खोकं उलगडलं, मोदकपात्राच्या वाफेवर पुठ्ठा मऊ केला, फाटल्या जागी खळ लावली. “आता वाळेपर्यंत वजन हवं.”

“मीच चेपलंय, मीच सरळ करते,” म्हणत हिने वर पाट ठेवला आणि त्यावर मांडी ठोकून बसली. भिशी बुडाली, मालिका बुडाली, ही हलली नाही. वरणभात सूनबाईनेच भरवला.

संध्याकाळी पुठ्ठा सपाट निघाला. सूनबाई हिच्या गळ्यात पडली. “आई, माहेरी बाबांनी दिलेली अजून दोन चेपलेली खोकी आहेत.”

“आण की!”

पाट अजून आत गेलेला नाही.