जिन्याखालची फळी

जिन्याखालच्या त्या कोपऱ्याने मिन्कोच्या नाकी नऊ आणले होते. एका बाजूला माणूस उभा राहील एवढी उंची, दुसऱ्या बाजूला मांजरही वाकून जाईल. त्यात भिंत वाकडी. प्रत्येक फळी वेगळ्या मापाची कापावी लागत होती.

"चाळीस वर्षं गावाला कपाटं करून दिलीस," खुर्चीत लाल लोकरीची बंडी विणत स्तामेना म्हणाली, "आणि माझ्या मिरच्यांच्या बरण्या पायऱ्यांवर. आता सुचलं होय, म्हाताऱ्या?"

मिन्कोने पुढची फळी मापाला धरली. आता का सुचलं, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? प्लॉवदिवच्या डॉक्टरांनी तिच्या दुखण्यापुढे हात टेकले होते. घरी न्या, म्हणाले. तो बसथांब्यावर ढसाढसा रडला होता.

दोघांचेही बाप गवंडी, एकाच टोळीतले. नवं बांधकाम काढलं की कुणाची तरी सावली दोरीने मोजायची, दोरीच्या दोन्ही टोकांना गाठ मारायची आणि ती आत पुरायची, ही रोडोपीच्या डोंगरातली जुनी चाल. सावलीचा धनी चाळीस दिवसांत जातो. पण घराची भूक भागते, मग ते दुसऱ्या कुणाला नेत नाही.

फळ्यांच्या मागे, जिना जमिनीला टेकतो तिथे, वीतभर पोकळी उरत होती. मिन्कोला तेवढी पुरे होती.

रविवारी सकाळी स्तामेना झोपलेली पाहून तो अंगणात उभा राहिला. सावलीच्या डोक्याशी खडा ठेवला, सुतळीने माप घेतलं, गाठी मारल्या. आत आला तेव्हा खिडकीचा पडदा जरा हलत होता.

त्या दिवशी दुपारी स्तामेनाही उन्हात बसून येते म्हणाली. काठी टेकत एकटीच गेली, एकटीच आली.

मिन्कोने सुतळी पोकळीत सारली आणि शेवटची फळी उचलली.

"थांब," ती म्हणाली. "आधी मला कॉफी आण. मंद आचेवर कर, तुझ्या घाईने ती नेहमी उतू जाते."

तो कॉफी घेऊन परतला तर ती फळ्यांपुढे गुडघ्यांवर बसलेली, धापा टाकत. धूळ पुसत होते, म्हणाली. तो तिला फार बोलला. मग तिला उठवून खुर्चीत बसवलं आणि फळी ठोकली.

बरण्या तिने स्वतः सांगून लावून घेतल्या. "जुन्या आधी खा. दोन हिवाळे पुरतील तुला."

मला नव्हे, तुला एकटीला पुरतील, असं मिन्कोच्या मनात आलं. कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटलं.

बंडी तिने पुरी केली, फक्त गळ्याची शेवटची ओळ राहिली. लोकर कमी पडली, म्हणाली.

बाविसाव्या दिवशी स्तामेना गेली.

मिन्को जिवंत राहिला. तिच्या चाळिसाव्याला शेजारपाजारचे आले, शिजवलेले गहू खाऊन गेले. तो ती बंडी घालून बसला होता, धडधाकट, आणि स्वतःच्या धडधाकटपणाची त्याला शिसारी येत होती. बापाने खोटं सांगितलं. सगळ्या गवंड्यांनी खोटं सांगितलं.

लोक गेल्यावर त्याने हातोडा घेतला. बरण्या खाली उतरवल्या, शेवटची फळी उचकटली. ती मेली सुतळी चुलीत घालायची होती. त्याने पोकळीत हात घातला.

हाताला सुतळी लागलीच नाही. लाल लोकर लागली, दोन्ही टोकांना गाठ मारलेली.