नाकवाल्यांचं मशीन

"तुम्हीच बघा!" गिऱ्हाइकाने ड्रायक्लीन केलेला कोट काउंटरवर आपटला. "रॉकेलचा डबा अंगावर घातल्यासारखं वाटतंय."

नाकवाल्यांनी कॉलर नाकाशी धरली. हुंगल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची शिस्त. त्यावरूनच गल्ली त्यांना नाकवाले म्हणायची. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे कोट बायकोकडे सरकवला.

"तू बघ गं."

तिने हुंगला. त्यांच्याकडे पाहिलं. "येतोय, जरासा."

"मशीनच म्हातारं झालंय," ते म्हणाले आणि मनातल्या मनात मेले. हिवाळ्यात तापाने दोघांनाही आडवं केलं होतं. ती खडखडीत बरी झाली. त्यांना मात्र तेव्हापासून कसलाच वास येत नव्हता. हे सांगायचं कुठल्या तोंडाने? आणि तेही नाकवाल्यांनी?

नवं मशीन घ्यायचं तर शेजारची खोली विकावी लागणार होती. तिथे तिचं शिवणकाम चालायचं. ती नको म्हणाली नव्हती. फक्त हल्ली दूध रोज करपायचं. शेजारणीने भिंतीपलीकडून हाक मारली की ती धावायची. खोलीचं मनाला लावून घेतलंय बिचारीने, असं त्यांना वाटायचं, आणि त्या दुधाचा चहा ते निमूट प्यायचे.

शेवटी मशीनवाला आला, दोन कोट घेऊन.

"एक तुमच्या मशीनमधला, एक आमच्या. ओळखा, मग सौदा पक्का करू."

त्यांनी दोन्ही हुंगले. तिनेही हुंगले. ते तिच्याकडे बघत राहिले, ती त्यांच्याकडे.

"अहो, एकाचा तर भपकारा येतोय!" मशीनवाला हसला.

नाकवाल्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते तिला मागे स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"खोली विकायची नाही," ते खाली मान घालून म्हणाले. "मला वासच येत नाही गं, त्या तापापासून. धुण्याचं रसायन उडून कपडे पुरते सुकलेत का, हे मी वासावरूनच ठरवायचो. आता ओलेच काढत असेन आणि खापर फोडतोय मशीनवर. लाज वाटते मला. तू होतीस म्हणून निभावलं."



"दूध करपलं हो!" भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली.

ती दचकून वळली. शेगडी तिच्या पाठीशी, हातभर अंतरावर होती.

"अहो," ती पुटपुटली, "मी तर तुमची मान बघून सांगत होते."