एकापुरतं पाणी

"घ्या ना काका, दोन घास तरी खा." नायिफनं राखेत भाजलेली भाकरी तिसऱ्यांदा पुढे केली.

"तू खा, पोरा. मला भूक नाही," स्वैलम म्हणाला.

पहाटेपासून चढतोय आणि म्हाताऱ्याला भूक नाही! वाळवंटातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: एका भाकरीतलं खाल्लं की दोघांचेही हात बांधले गेले. मग एकमेकांवर सुरा उचलता येत नाही.

चूक नायिफचीच होती. वीस वर्षांपूर्वी या लाल सुळक्यावरून त्याचा बाप पडला. दोर तुटला, असं सगळे म्हणाले. आई मात्र मरताना म्हणाली, "तुटला नाही रे, कुणीतरी कापला." आणि या शहाण्यानं परवा विहिरीवर चारचौघांत छाती ठोकून सांगितलं, "कापणारा सापडू दे, जिवंत सोडणार नाही!" दुसऱ्याच दिवशी स्वैलम आपणहून तंबूच्या दारात हजर. म्हणे, वाट मला माहीत आहे, चल, जागा दाखवतो.

"पाण्याची पिशवी एकच आणलीत?" नायिफनं विचारलं.

"उतरताना एकापुरतंच लागेल."

म्हातारा उठला. त्याच्या कमरेचा सुरा उन्हात चमकला.

प्रत्येक वळणावर तो नायिफला दगडावर दगड रचायला लावत होता. "नीट बघून ठेव," एवढंच म्हणायचा. ते ढीग बघून नायिफला थडगी आठवली. पण आता मागं फिरलो तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून तो मुकाट चढत राहिला.

माथ्यावर वाऱ्यानं उभं राहवेना. स्वैलमनं कड्याकडे बोट दाखवलं.

"तो इथं लटकत होता. दोर माझ्या कमरेला. त्याच्या वजनानं मीही ओढला जात होतो."

"मग?" नायिफनं विचारलं.

"मग मी सुरा काढला."

आणि त्यानं सुरा काढला. नायिफ मागं सरकला. टाचेखालचे खडे घरंगळत कड्यावरून गेले.

म्हातारा जवळ आला. पाण्याची पिशवी त्यानं नायिफच्या खांद्याला अडकवली, सुऱ्याची मूठ त्याच्या हातात दिली आणि पाठ करून गुडघ्यांवर बसला.

"भूक फार लागली होती रे," तो म्हणाला. "पण तुझी भाकरी खाल्ली असती, तर तुझे हात बांधले गेले असते."