दुपारचा पाहुणा

"उद्या तबकडी कापायला घेणार," मिस्त्री दारातूनच म्हणाला. "कंत्राटदाराची माणसं येऊन पोचलीत. सरांना सांगितलंत का, वहिनी?"

"त्यांनीच मला सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "आज शेवटचं यंत्रासमोर बसायचंय म्हणतात. नेशील का धरून?"

मिस्त्रीने सरांना जवळजवळ उचलूनच समोरच्या नियंत्रण कक्षात नेलं. त्यांच्या अंगात आता उरलं होतंच काय. डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते.

वहिनी खिडकीतून बघत राहिल्या. मागे वेधशाळेची ती अवाढव्य तबकडी, गंजून वस्तीकडे मान टाकून बसलेली. एकेकाळी ती आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपायची, आणि तिच्यापायी सगळी वस्ती मुकी झाली होती. क्वार्टर्समध्ये टीव्ही नाही, मिक्सर नाही, पेट्रोलची गाडी नाही. घरातली एवढीशी ठिणगीसुद्धा आकाशाचा आवाज बुडवायची. नियम मोडणाऱ्याने बिऱ्हाड उचलायचं आणि नोकरीवर पाणी सोडायचं. इथे शिंकायचं तरी सरांची परवानगी लागते, असं बायका गमतीने म्हणत.

त्या बायका गेल्या, त्यांची बिऱ्हाडंही गेली. दिवा लागायचा तो एकट्या सरांच्या घरात. मिस्त्री मात्र गावातून येऊन एक यंत्र जिवंत ठेवायचा. पाहुण्यासाठी.

पाहुणा हे नाव सरांनीच दिलेलं. एका वर्षी, भर दुपारी, कागदावर रेघ ओढणारा काटा एकाएकी उसळला, जरा वेळ वर राहिला आणि खाली आला. मग तो रोज उसळायला लागला. असा संकेत आकाशातून कुणालाच मिळाला नव्हता. सरांचा फोटो पेपरात आला, वेधशाळेला नवी इमारत मंजूर झाली. आणि पाहुणा जो बंद झाला, तो पुन्हा फिरकला नाही. "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई," म्हणत लोकांनी टिंगल केली.

तो का बंद झाला हे वहिनींना फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही.

ठकी तेव्हा आजारी होती. त्यांची एकुलती एक लेक. पोटात काही ठरत नसे. थोड्या थोड्या वेळाने घोटभर दूध, तेही प्रत्येक वेळी ऊन करून. वहिनींची दशा बघून त्यांच्या भावाने चोरून मायक्रोवेव्ह आणून दिला. "दार लाव, बटण दाब," तो म्हणाला. "फक्त रिकामा चालवू नकोस."

जुनाच होता, दार नीट बसत नसे. सर कामावर गेले की वहिनी तो पलंगाखालून काढायच्या, आणि शेजारणीला घंटी ऐकू जाऊ नये म्हणून वाजायच्या आतच बंद करायच्या. पुढे ठकी गेली. वहिनींनी ओव्हन चादरीत बांधला आणि माळ्यावर टाकला.

मग एक तज्ज्ञ चौकशीला आला. व्हरांड्यात चहा घेताना म्हणाला, "सर, तुमचा पाहुणा आकाशातला नाही. इथेच कुणाच्या तरी घरात ओव्हन आहे. क्वार्टर्स तपासू या. सापडला की दोष त्याचा, तुम्ही मोकळे."

चहाचा ट्रे आत नेणाऱ्या वहिनी दारातच थांबल्या.

"माझ्या माणसांची घरं तपासायची नाहीत," सर शांतपणे म्हणाले. "इथे कुणी नियम मोडत नाही."

तज्ज्ञाने कपाळाला हात लावला. हेकट म्हातारा, असं लोक म्हणू लागले. अनुदान आटलं, माणसं पांगली आणि सर हसण्याचा विषय झाले. वहिनींनी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. सांगून टाकावं असं कितीदा ओठांवर आलं, पण नवऱ्याचा एवढा विश्वास मोडायचा धीर होईना. आपण या माणसाच्या जन्माची माती केली, हे त्या रोज गिळत राहिल्या.

आज मात्र त्यांनी ठरवलं होतं. जाताना तरी त्यांना त्यांचा पाहुणा भेटू दे. फसवणूक तर फसवणूक.

स्टुलावर चढून त्यांनी गाठोडं खाली काढलं. गाठ सुटेना, तेव्हा कात्रीने कापली. चालतो की नाही, देव जाणे. पेलाभर दूध आत ठेवून त्यांनी बटण दाबलं. आतला दिवा लागला, ओव्हन घरघरला, आणि तो आवाज कानावर पडताच वहिनी रिकाम्या पलंगाकडे वळून "आलेच हं" म्हणून गेल्या. मग मात्र त्यांना रडू आवरेना.

आज त्यांनी घंटी वाजू दिली. शेजारी ऐकायला होतंच कोण.

त्या डोळे पुसत होत्या तोवर मिस्त्री धावत आला. "वहिनी, चला लवकर. पाहुणा आलाय."

"काय सांगतोस," त्या म्हणाल्या आणि त्याच्या मागोमाग गेल्या.

सर यंत्रासमोर बसले होते, कागदावरच्या ताज्या रेघेवर बोट ठेवून. गाल ओले झाले होते.

"शेवटी तुमचंच खरं ठरलं, सर," मिस्त्री म्हणाला. "थांबा, त्या कापणाऱ्यांना बोलावून आणतो. बघू दे त्यांनाही." तो गेलासुद्धा.

वहिनी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. "भेटला ना एकदाचा?" त्यांनी विचारलं.

 रेघ कुठून कुठवर गेली, ते सर बोटाने चाचपत राहिले. मग त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला.

"आज फार वेळ ठेवलंस गं," ते म्हणाले. "ठकीला कोमट लागायचं."